पापणीच्या आतला रंग

“आता हे गाय अर्धी मडाव्याची झाली,” कुंपणापलीकडून कोणीतरी म्हणालं.

दोन-चार माणसं हसली. मीही हसले असते, पण माझा हात वर होता. हातात रक्ताची पिशवी होती आणि ती गाईच्या मानेपेक्षा उंच धरायची होती. खाली कोव्यांची जर्सी गाय अंग टाकून बसली होती. तिच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि लघवी काळ्या कॉफीसारखी होत होती. गोचिडांनी आणलेल्या तापानं तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडून टाकल्या होत्या. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, चिंचेखाली, एक धिप्पाड तांबडा बैल निवांत तणस चघळत होता. पिशवीतलं रक्त त्याचं होतं.

बैल मडाव्यांचा. मडावी पलीकडच्या गावचे. त्यांच्या मुलीचं, जैवंताचं, कोव्यांच्या नातवाशी लग्न ठरत होतं आणि त्या बोलणीसाठी ते बंडी जुंपून आले होते. बोलणी बाजूला राहिली, कारण गाय उठेना. रामटेके मॅडम अंगणात आल्या, गाईची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग पाहिला आणि मागे वळून विचारलं, “हा बैल कोणाचा?”

“सोयऱ्याचा.”

“आना इकडं.”

दोघांच्या रक्ताचे थेंब त्यांनी काचपट्टीवर एकत्र केले आणि उजेडात धरून डोलवले. गुठळ्या झाल्या नाहीत. “जुळते,” त्या म्हणाल्या. “भांडत नाई एकमेकांशी.”

कुंपणापलीकडचं ते वाक्य ऐकून मॅडमही हसल्या. हसले नाहीत ते फक्त दलसूआजा, कोव्यांच्या घरातले सगळ्यात मोठे, नवऱ्या मुलाचे आजोबा. खाटेवर बसून ते एकदा पिशवीकडे, एकदा बैलाकडे पाहत होते. मला वाटलं, त्यांना गाईची काळजी वाटते आहे.

डॉ. सुमन रामटेके यांच्या हाताखाली मी दीडेक वर्ष काम केलं. त्या काळातलं बरंचसं मला अजून नीट उलगडलेलं नाही. मी वाढले माजरीला, कोळसा खाणीच्या कॉलनीत. बाबा खाणीत फोरमन होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणजे आमच्या भाषेत कॉन्व्हेंट. पशुवैद्यकाची पदवी घेऊन गडचिरोलीच्या एका तालुक्याच्या दवाखान्यात कंत्राटावर रुजू झाले तेव्हा मराठी मला येत होतं, पण गाईच्या पोटात काय असतं ते मराठीत सांगता येत नव्हतं. त्यामुळे मी बोलतच नसे. मॅडमनी पहिल्याच दिवशी माझं नाव विचारलं आणि लगेच विसरून गेल्या. “काय गं कॉन्व्हेंट,” असंच त्या मला शेवटपर्यंत म्हणत राहिल्या.

नाव विचारण्याच्या आधी त्यांनी दुसरंच काहीतरी केलं होतं. “डोळा दाखव,” म्हणत माझ्या गालावर बोट टेकवून खालची पापणी ओढली होती. “पांढरी आहेस. काय खातेस? मॅगी?” मी मान हलवली. मॅडमनी पर्समधून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. नंतर कळलं की त्या सगळ्यांनाच असं करतात. शेळी घेऊन आलेली बाई, एसटीचा कंडक्टर, पंचायत समितीचे साहेब. माणूस असो की म्हैस, ओळख पापणीपासून. साहेबांची पापणी ओढल्यावर मी लाजेनं जमिनीत गडप व्हायची बाकी होते. साहेब मात्र निमूटपणे डोळा वर करून उभे राहिले, शाळेत नखं दाखवायला उभं राहावं तसे.

मॅडम बुटक्या, जाड काचांचा चष्मा, केसांचा घट्ट अंबाडा, साडीवर पुरुषी शर्ट. चालताना एखादी काचपट्टी हातात असायची आणि रक्ताचा थर वाळावा म्हणून त्या ती पंख्यासारखी हलवत राहायच्या. बोलताना ती कोणाच्याही नाकासमोर हलायची. दवाखान्यात आम्ही तिघंच. तिसरे मारोतीभाऊ. ते मलमपट्टी करायचे, कोंबड्यांना लस द्यायचे आणि जीपही चालवायचे. मॅडमच्या काचपट्टीच्या टप्प्यात ते कधी उभे राहत नसत.

आमच्या दवाखान्याच्या एका अंगाला जंगल होतं आणि दुसऱ्या अंगाला वैनगंगेकडची धानाची गावं. दोन्हीकडच्या लोकांना मॅडम रक्त समजावून सांगायच्या. औषध देऊन घरी पाठवलं असं त्या कधी करत नसत. औषध काय करणार आणि कुठे जाणार, हे ऐकल्याशिवाय माणूस हलायचा नाही.

“रक्त म्हणजे एसटी,” त्या धानाच्या गावात सांगायच्या. “निरं पाणी हाये त्याच्यात निम्म्याहून जास्त. तो रस्ता. तांबड्या पेशी म्हणजे गाड्या. फुप्फुसाच्या डेपोतून हवा भरून निघतात, गावोगावी उतरवतात, खराब हवा घेऊन वापस येतात. पांढऱ्या पेशी म्हणजे नाक्यावरचे गार्ड. आन् बांधीचा पार फुटून पाणी वाहाले लागलं तर तुमी काय करता गा? ढेकळं टाकता ना? तशा बारक्या चकत्या असतात. जखम झाली का धावत येतात आन् आडव्या पडतात.”

मला हे फार आवडलं होतं. मी मनात पाठ करून ठेवलं. आणि त्याच आठवड्यात जंगलाकडच्या एका गावात शेळीवाल्या बाईला त्या म्हणाल्या, “रक्त म्हणजे घर वं. येणारे-जाणारे बदलतात, चूल एकच.”

जीपमध्ये बसल्यावर मी बराच वेळ विचार करत राहिले. शेवटी विचारलं, “मॅम, बस की घर?”

“दोन्ही.”

माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, “अगं, ज्या गावात एसटी जाते त्याले एसटी सांगाव. जिथी एसटी कधी गेलीच नाई, तिथी काय सांगशील?”

त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य मात्र दोन्हीकडे सारखं होतं. “लोटाभर दुधाले घागरी घागरी रक्त कासेतून फिराव लागते. रक्तातूनच दूध बनते बाप्पा. गाईले खाऊ घाला.” हे त्यांनी इतक्या गावांत इतक्या वेळा सांगितलं होतं की पोरंही म्हणून दाखवायची. या वाक्यानं पुढे काय केलं ते येईलच.

एक गोष्ट त्यांना सहन होत नसे. कोणी म्हणालं की अमुक एक गोष्ट आमच्या रक्तात आहे, की त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा. तालुक्याला पशुमेळावा होता. मंचावरचे पाहुणे छातीवर हात ठेवून म्हणाले, “सेवा आमच्या रक्तात आहे.” दुसऱ्या रांगेतून मॅडम नेहमीच्या आवाजात बोलल्या, “मले तर कधी दिसली नाई.” मारोतीभाऊंच्या तोंडात पाणी होतं. ते पुढच्या खुर्चीवरच्या माणसाच्या पाठीवर गेलं.

मी हसले नाही. मला खरंच कळलं नव्हतं की त्या गंमत करताहेत की त्यांना राग आलाय. त्यांच्याबाबतीत मला हे बहुतेक वेळा कळायचं नाही.

त्याहून न कळणारी गोष्ट म्हणजे, रोज दहा जनावरांच्या शिरेत सुई घालणारी ही बाई स्वतःचं रक्त पाहू शकत नसे. ग्रामीण रुग्णालयात आमची तपासणी होती. मॅडम भिंतीकडे तोंड करून बाकावर आडव्या झाल्या आणि दंडाला रबर बांधल्याबरोबर त्यांचं कपाळ घामानं भिजलं.

“कॉन्व्हेंट, बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“रक्तात काय असते ते सांग. जनावराच्या. माहं लक्ष तिकडं जाऊ दे.”

मी सुरू केलं. प्लाझ्मा, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, फायब्रिनोजेन, एरिथ्रोसाइट्स.

“मराठीत.”

मी थांबले. शब्द नव्हतेच असं नाही. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी हे येत होतं. पण पुढचं वाक्य बनेना. प्रत्येक शब्द तोंडापर्यंत येऊन तिथेच उभा राहत होता. नर्सनं सुई घातली. मॅडमनी डोळे घट्ट मिटले.

“थांबली काऊन? गाय मेली काय?”

नर्सच म्हणाली, “झालं बाई, झालं.” मॅडम उठल्या, गूळ खाल्ला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “तुले सगळं माहीत हाये. पण तू ते कोणाले देत नाईस.” त्या रागावल्या नव्हत्या. काचपट्टीवर जे दिसतं ते सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं.

वैनगंगेकडच्या एका गावातला प्रसंग मी अजून मनात उलटसुलट करत असते. मोठा शेतकरी, मोठा गोठा, आणि आत तापानं पांढरी पडलेली म्हैस. म्हशीला म्हशीचंच रक्त लागतं. गोठ्यातल्या बाकीच्या म्हशी गाभण होत्या, एक रेडा होता तो लंगडा आणि अशक्त. मॅडमनी विचारलं, गावात आणखी कोणाकडे तगडा रेडा आहे? गडी म्हणाला, बौद्ध टोलीत आहे. मालक पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, “तिकडचं नको. आमच्याच रेड्याचं काढा.”

मॅडम म्हणाल्या, “बरं.”

एवढंच. मला वाटलं होतं त्या काहीतरी ऐकवतील. त्या स्वतः अशाच एका टोलीत वाढलेल्या, ब्रह्मपुरीकडे. पण त्या “बरं” म्हणाल्या, पिशवी आणि सुई घेतली आणि मला लंगड्या रेड्यापाशी उभं करून गोठ्याच्या मागच्या दारानं निघून गेल्या. परत आल्या तेव्हा पिशवी भरलेली होती. लंगड्या रेड्याच्या मानेवर त्यांनी कापसाचा बोळा चिकटवला. म्हैस वाचली. मालकांनी चहा पाजला. “आपल्या रेड्यात दम हाये,” ते म्हणाले. “हाये तर,” मॅडम म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला.

म्हणजे मॅडम खोटं बोलू शकत होत्या. अगदी सहज, बशीत चहा ओतता ओतता. हे माझ्या डोक्यात होतं म्हणूनच कोव्यांच्या गाईचं प्रकरण मला समजेना.

गाय वाचली होती. चार-सहा दिवसांत उभी राहिली, पान्हा सोडायला लागली. धान कापून झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी दलसूआजा दवाखान्यात आले. सोबत त्यांची मुलगी सोमीबाई, म्हणजे नवऱ्या मुलाची आत्या. दोघं बाकावर बसले. मॅडमनी आधी त्यांच्या पापण्या पाहिल्या.

“गाय कशी हाये आजा?”

“गाय बरी हाये.” आजा थांबले. “लगन थांबवलं.”

मग त्यांनी सांगितलं. हळूहळू, एकेक पायरी चढल्यासारखं. पूर्वी त्यांच्या घरात कोणी दूध काढत नसे. दूध वासराचं, आपण कायले घ्यायचं, असं ते मानत. मग योजनेतून जर्सी मिळाली. मॅडमनीच समजावलं, आणि घर दूध प्यायला लागलं. मॅडमनीच सांगितलं, दूध रक्तातून बनते. आता गाईत मडाव्यांच्या बैलाचं रक्त आहे. म्हणजे कोव्यांचं घर मडाव्यांच्या रक्ताचं दूध पिऊन राह्यलं. त्यांच्या समाजात ज्यांच्याकडे मुलगी देता-घेता येते ते सगे, आणि ज्यांच्याकडे येत नाही ते भाऊबंद, दूधभाऊ. “मंग आमी आता सगे का दूधभाऊ?” आजांनी विचारलं. “तुमीच काचेवर पाह्यलं. जुळते मनल्या. भांडत नाई मनल्या. एका घरचेच भांडत नाई ना बाई?”

“एका घरचेच तर भांडतात,” मारोतीभाऊ दारातून म्हणाले. कोणी हसलं नाही.

मला वाटलं आता मॅडम एक वाक्य बोलतील आणि विषय संपेल. सगळं रक्त जातं, आजा, थेंबही राहत नाही, खुशाल लग्न करा. विज्ञानाच्या दृष्टीनंही ते जवळजवळ खरं होतं. दुसऱ्याच्या तांबड्या पेशी गाईच्या शरीरात फार टिकत नाहीत.

मॅडम म्हणाल्या, “बैलाचं रक्त थोडेच दिवस राह्यते. मंग पोटातल्या पाणथरीत, प्लीहेत जाते, तिथी मोडते. तोवर गाय आपलं नवं रक्त बनवते, हाडाच्या नळीत.”

“सगळं जाते?”

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. “नाई. लोह राह्यते. रक्ताले लाल करते ते लोह. गाय ते फेकत नाई. नव्या रक्तात घालते.”

आजांनी मान खाली घातली. लोह राहतं. म्हणजे मडाव्यांचं काहीतरी गाईत राहतंच. सोमीबाईनं सुस्कारा सोडला. उठताना आजा म्हणाले, “दोन्ही गावाची माणसं बसून ठरवू.”

जीपमध्ये मी प्रथमच मॅडमना उलट बोलले, म्हणजे माझ्या मानानं. “मॅम, का सांगितलं? त्या म्हशीच्या मालकाला तर तुम्ही…”

“तो विचारत नव्हता,” मॅडम म्हणाल्या. “तो सांगत होता. हे विचारतात. विचारणाऱ्याले खरं सांगाव लागते.”

“पण लग्न मोडलं तर?”

काचपट्टी नसताना मॅडमचा हात तसाच हवेत हलत होता. मला तेव्हा कळेना की त्यांचं बरोबर आहे की चूक. नियम म्हणून ऐकताना बरा वाटत होता, पण त्या नियमात जैवंता कुठे बसत होती?

जैवंता आम्हाला चांगली माहीत होती. ती तिच्या गावची पशुसखी. शेळ्या-कोंबड्यांची लस न्यायला दर बाजाराला दवाखान्यात यायची, मॅडमच्या काचपट्ट्या धुवायची आणि माझ्याकडून सूक्ष्मदर्शक मागून घेऊन त्यात एक डोळा मिटून पाहत बसायची. एकदा शेळीच्या आणि गाईच्या पेशी तिनं शेजारी शेजारी पाहिल्या आणि म्हणाली, “शेळीच्या बारक्या हायेत, पोत्यातून राई सांडल्यासारख्या.” बरोबर होतं. कोव्यांचा नातू बाजाराच्या दिवशी सायकल घेऊन समोरच्या पानठेल्यावर उभा राहायचा आणि ती बाहेर पडेपर्यंत टायरमधली हवा तपासत राहायचा. मारोतीभाऊ म्हणायचे, “या पोट्ट्याच्या टायरीत जेवढी हवा हाये तेवढी आपल्या जीपच्या चारीत नाई.”

लग्न थांबल्यावरच्या बाजाराला ती एकटीच आली. सायकल दिसली नाही. तिनं लसीचा डबा घेतला, बर्फ भरला, झाकण लावलं. मग मॅडमना म्हणाली, “तुमी जोडलं होतं का तोडलं, मॅडम?”

मॅडमनी तिची पापणी ओढून पाहिली आणि पर्समधून गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला.

दोन गावांची बैठक कोव्यांच्या अंगणात झाली. त्याच्या पुढच्याच आठवड्यात मॅडमच्या बदलीचा आदेश आला, सिरोंचाला, आणि त्या सामान बांधून निघून गेल्या. निघतानाच्या धावपळीत मला त्यांना धड पाहताही आलं नाही. आता कधीतरी फोन येतो. तिकडे लोक तेलुगू बोलतात, रक्ताची एसटी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, असं म्हणतात. म्हणून माझ्या मनात त्यांचं शेवटचं नीट दिसलेलं रूप आहे ते त्या अंगणातलं.

चिंचेखाली दोन्ही घरची माणसं बसली होती. मडावी या वेळीही त्याच बैलाच्या बंडीनं आले होते. आम्ही पोचलो तेव्हा आजांनी मॅडमना हात करून थांबवलं.

“डॉक्टरबाई, तुमचं ऐकलं आमी. आता ह्या लहान डॉक्टरबाईले विचारू. तुमी जरा तिकडं बसा. दोघीचं एकच निघालं तर खरं.”

मॅडम माझ्याकडे पाहून हसल्या. मला वाटलं त्या डोळ्यांनी काहीतरी खूण करतील, निदान काय बोलायचं ते. त्यांनी तसं काही केलं नाही. कुंपणाशी बांधलेल्या गाईकडे गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मी मधोमध बसले. सगळे माझ्याकडे पाहत होते.

“बैलाचं रक्त मरते. खरं?” आजांनी विचारलं.

मी मान हलवली.

“पाणथरीत मोडते?”

पुन्हा मान.

“लोह राह्यते?”

इथे मी थांबले. नाही म्हणून मान हलवायला फार जोर लागला नसता. नवरा मुलगा कुंपणाला टेकून उभा होता, जैवंता पाण्याचा लोटा घेऊन दाराशी. पण आजा विचारत होते. ते सांगत नव्हते. मी होकाराची मान हलवली. लोकांत कुजबूज झाली.

“त्या लोहाचं गाय काय करते?”

याला मान पुरणार नव्हती. मी माझ्या नडगीवर हात ठेवला, मग गाईकडे बोट केलं.

“हाडाच्या नळीत नेते,” आजांनीच वाक्य पुरं केलं. “आपलं रक्त बनवते.”

मान.

“थांबा गा,” सोमीबाई म्हणाली. ती तांदूळ निवडत बसली होती, सूप मांडीवरच होतं. “मंजे तिकडून आलं. इथी राह्यलं. आन् इथचंच झालं.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “असंच ना?”

मान.

“मंग हा भाऊ कसा होईल बाबा? भाऊ आपल्या घरचा आपल्या घरीच राह्यते. तिकडून येऊन इथचं होते ते कोण?” तिनं सूप झटकलं. “सून.”

मग मडाव्यांकडचा एक म्हातारा खोकल्यासारखा हसला. “मंजे लगन तर होऊनच गेलं. गाईनं लावलं.”

“आन् मानपान न देताच,” दुसरा कोणी म्हणाला.

आजा बराच वेळ बैलाकडे पाहत होते. तोंडातल्या तोंडात ते सोमीबाईचं बोलणं पुन्हा मांडून बघत असावेत, कुठे गळतं का ते. शेवटी मडाव्यांकडे वळले. “मंग तुमी आधी रक्त धाडलं, आन् पोरगी मागून धाडता,” ते म्हणाले. “मोहफुलं वेचून झाले का बसू तारखेले.”

मुलाची पाठ कुंपणापासून सुटली आणि तो उगाच बैलाला तणस घालायला गेला. सगळे एकदम बोलायला लागले. मी मात्र तशीच बसून होते. हे बरोबर झालं का? सोमीबाईनं जे केलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं, पण त्यात खोटं काय होतं तेही मला सापडेना. आणि मी तर एक शब्दही बोलले नव्हते.

जैवंता माझ्यासाठी पाणी घेऊन आली. लोटा हातात देताना ती सोडेना. दोघींचे हात त्याच्यावर होते.

“मॅडम,” ती मला म्हणाली. हळू म्हणाली, पण सोमीबाईचं सूप थांबलं, म्हणजे तिलाही ऐकू गेलं होतं. “मंग माहं बी असंच होईल काय? मी बी मोडीन, जिरून जाईन, आन् आतमधी कोणाले दिसन बी नाई?”

त्या दुपारी मान हलवायची इतकी सवय झाली होती की ती आपोआप खाली जायला लागली. मी ती थांबवली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या गाईपाशी वाकल्या होत्या, तिची पापणी अंगठ्यानं ओढलेली, आणि आतला रंग मला इथूनही दिसत होता, चांगला लालसर. त्यांनीही ऐकलं असणार. त्या वळल्या नाहीत.

“नाई,” मी म्हणाले, आणि माझा आवाज कुंपणापर्यंत गेला. “लोह राह्यते.”